बर्फाचा भरंवसा

आम्हीं आयुष्याचीं चौतीस वर्षें यवतमाळ जिल्ह्यांतील शाळांतून मराठी व संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. स्त्रीप्रत्ययांचा पाठ आला, कीं मुलांस दोन शब्द आम्ही हटकून सांगत असूं. मोठें अरण्य ती ‘अरण्यानी’ आणि मोठें हिम ती ‘हिमानी’. पहिल्या शब्दास उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नसे. पांढरकवड्याकडील मुलें टिपेश्वरच्या जंगलाचें नांव आपण होऊनच घेत. दुसऱ्या शब्दापाशीं मात्र सारा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहत राही आणि आम्ही खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहत असूं. मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर चढणाऱ्या मुलखांत हिमाची ओळख ती काय असावयाची? जत्रेंतला रंगीत गोळा, नाहींतर फाल्गुनांतली गारपीट. पहिला जिभेवर विरतो आणि दुसरी उभ्या गव्हाचें मातेरें करून जाते.

सेवानिवृत्तीनंतर हाच पाठ आम्हीं घरीं आमच्या नातीस दिला. ती तेव्हां आठवींत होती. पाठ संपल्यावर तिनें विचारलें, “आबा, तुम्हीं स्वतः हिमानी पाहिली आहे का हो?” न पाहिलेली वस्तु चौतीस वर्षें शिकविणाऱ्या शिक्षकास याहून अवघड प्रश्न कोणता असणार? आम्हीं खरें तें सांगितलें. चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. ते त्या दिवाळींत घरीं आले होते. त्यांनीं तेथल्या तेथें ठरविलें, कीं संक्रांत झाल्यावर सर्वांनीं काश्मीरांत गुलमर्गास जावयाचें. आणि नुसता बर्फ पाहून परतावयाचें नाहीं, तर त्यावर स्कीइंग शिकावयाचें.

ज्या वाचकांस हा खेळ परिचित नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. दोन्ही पायांत जाड व ताठ बूट चढवावयाचे. ते बूट लांबट, अरुंद आणि पुढील टोंकास वर वळलेल्या दोन पट्ट्यांवर खटकन् बसवावयाचे. दोन्ही हातांत एकेक काठी घ्यावयाची. आणि बर्फाच्या उतारावरून स्वतःच्याच भारानें घसरत खालीं यावयाचें. या पट्ट्यांस ‘स्की’ म्हणतात. नॉर्वेकडील जुन्या भाषेंत या शब्दाचा मूळ अर्थ ‘फोडलेलें लाकूड’ असा आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ तो आपल्या ‘छिद्’ धातूच्या गोत्रांतला मानतात. शब्दाचें गोत्र तर जुळलें. आतां पायांचें जुळतें का, एवढेंच पाहावयाचें होतें!

चिरंजीवांनीं ज्या प्रवासी कंपनीकडे पैसे भरले, तिच्या पत्रकांत ‘खात्रीचा बर्फ’ असे शब्द ठळक अक्षरांत छापले होते. ‘खात्रीचा पाऊस’ असें छापणारा मनुष्य यवतमाळांत दोन दिवस टिकला नसता. परंतु बर्फाच्या बाबतींत आम्ही अडाणी. आम्हीं विश्वास ठेविला.

१५ जानेवारी २०२४ रोजीं संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही निघालों. बरोबर गूळपोळ्या, तिळगूळ, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी होती. नागपुराहून विमानानें दिल्ली व तेथून श्रीनगर. श्रीनगरापासून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटर. तंगमर्ग गांव मागें पडलें, कीं सूचिपर्णी वृक्षांच्या दाट राईंतून वळणावळणाचा चढ लागतो. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंच. आमचें यवतमाळ ४५०च्या आसपास. प्रत्येक वळणावर नात कांच पुसून बाहेर पाहत होती.

गाडींतून उतरलों आणि समोर पाहतों तों काय! पिंगट, वाळलेलें गवत. वाटीसारख्या त्या विस्तीर्ण पठारावर कोठें सावलीच्या कोपऱ्यांत एखादा मळकट पांढरा तुकडा पडलेला. बाकी सारें आमच्याकडील चैत्रांतल्या माळासारखें. बर्फावरून ओढावयाच्या लाकडी घसरगाड्या उताराच्या पायथ्याशीं उलट्या करून ठेविल्या होत्या. त्यांवर फिरन घातलेलीं माणसें कांगडीची ऊब घेत मुकाट्यानें बसलीं होतीं. वर अफर्वटाच्या खांद्यावर थोडा जुना, दगडासारखा घट्ट बर्फ होता खरा. पण तो नवशिक्यांच्या कामाचा नव्हता. नातीनें नवे हातमोजे बॅगेंतून काढले होते; ते तिनें घडी करून पुन्हा आंत ठेविले. तिनें आदळआपट केली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें. चिरंजीवांनीं कंपनीस फोन लाविला. ‘निसर्गापुढें आमचा इलाज नाहीं,’ असें उत्तर आलें. तें उत्तर खरें होतें. फक्त तें पत्रकांत छापावयाचें राहून गेलें होतें.

स्की शिकविण्यासाठीं तेथील एक तरुण शिक्षक आधींच ठरविला होता व तीन दिवसांचे आगाऊ पैसे त्यास पोहोंचले होते. संध्याकाळीं तो भेटावयास आला तो पैशांचें पाकीट हातांत घेऊनच. आम्ही शिक्षक होतों हें कळल्यावर त्यानें आम्हांस ‘मास्टरजी’ म्हणावयास आरंभ केला. “मास्टरजी, जें शिकविलें नाहीं त्याचे पैसे कसे ठेवूं?” असें तो हिंदींत म्हणाला. आम्हीं चौतीस उन्हाळ्यांच्या सुट्यांचा पगार घेतलेला आहे. हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता.

त्यास बसवून घेतलें व चहा दिला. बोलतां बोलतां त्याचें वर्ष आम्हांस कळलें. डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत जें मिळेल त्यावर घर चालावयाचें. उन्हाळ्यांत घोड्यावरून प्रवाशांस फिरवावयाचें आणि शरदांत मामाच्या बागेंत सफरचंदें उतरवावयाचीं. गेल्या वर्षीं त्यानें कर्ज काढून स्की व बूट यांचे नवे जोड घेतले होते. “हप्ता बर्फाची वाट पाहत नाहीं,” एवढेंच तो म्हणाला. हें ऐकून आमच्या सौभाग्यवती एकदम आम्हांस म्हणाल्या, “अहो, हें तर माझ्या भावाचेंच बोलणें!” त्यांचे बंधु दारव्ह्याकडे कोरडवाहू कापूस करितात. मृगांत पेरणी साधावी, मग पावसानें दडी मारावी, कोंब जळून जावेत, आणि नवें बियाणें उसनवारीनें आणून दुबार पेरणी करावी, हें आम्हीं त्यांच्या घरीं एकदां नव्हे, अनेकदां पाहिलें आहे. त्या कर्जांनीं आमच्या जिल्ह्यांतील किती घरें बसविलीं, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. जमिनीचा रंग वेगळा, पिकाचें नांव वेगळें. आभाळाकडे लागलेली दृष्टि तीच.

पैसे परत घ्यावयास सौभाग्यवतींनीं साफ नकार दिला. तो ठेवून घेण्यास तयार नव्हता. शेवटीं त्यांनीं त्याच्या हातावर तिळगूळ ठेविला आणि आपल्या मराठमोळ्या हिंदींत सांगितलें, कीं हें बियाणें समज, पेरणी पुढच्या वर्षीं करूं. तेव्हां तो हंसला आणि पाकीट खिशांत गेलें.

काश्मिरी लोकांनीं हिंवाळ्याचे कडक दिवस तीन भागांत वांटले आहेत, हें आम्हांस त्यानेंच सांगितलें. २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’, पुढें २० दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटीं १० दिवस ‘चिल्लई बच्चा’. आपल्या शेतकऱ्यास मृग, आर्द्रा, पुनर्वसु यांचा जो हिशेब, तोच त्यांना या चिल्लयांचा. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीनें घट्ट बसतो, उंच डोंगरांवर सांठून राहतो आणि उन्हाळ्यांत झेलमेस व तिच्या ओढ्यांस पाणी पुरवितो. उशीरा पडलेला बर्फ दिसावयास तितकाच सुंदर. पण ऊन तापूं लागल्यामुळें तो लवकर वाहून जातो. म्हणून जानेवारी कोरडा गेला, कीं तेथें स्कीचा शिक्षक आणि भाताचा शेतकरी दोघेहि एकाच वेळीं काळजींत पडतात.

हा बर्फ येतो कोठून, याचा शोध आम्हीं परत आल्यावर घेतला. कारण शिक्षकाची खोड मेल्याविना जात नाहीं. हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूस हवेच्या कमी दाबाचे पट्टे उत्पन्न होतात आणि वरच्या थरांतील वेगवान पश्चिम वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तानावरून आपल्याकडे सरकतात. हवामानशास्त्रांत त्यांस ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. त्यांची वाफ हिमालयास अडते व तेथें बर्फ होऊन पडते. एखाद्या वर्षीं हे विक्षोभ दुबळे येतात, किंवा उत्तरेकडूनच निघून जातात. मग गुलमर्ग पिंगट राहतें. कधीं वाफ येते, पण हवा एकदोन अंशांनीं अधिक उबदार असते. मग बर्फाच्या जागीं पाऊस पडतो व होता तोहि बर्फ धुऊन जातो. पृथ्वीचें तापमान वाढत असल्यामुळें हे दुसऱ्या प्रकारचे प्रसंग कमी उंचीवर वाढत चालले आहेत.

गंमत अशी, कीं याच विक्षोभांची आम्हां वैदर्भीयांशीं जुनी ओळख आहे. त्यांतला एखादा दक्षिणेकडे खोल उतरला आणि समुद्रावरून आलेल्या दमट वाऱ्यांशीं त्याची गांठ पडली, कीं आमच्याकडे गारा पडतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत विदर्भ-मराठवाड्यांत ज्या गारपिटीनें गहूं, हरभरा व संत्रीं झोडपून काढलीं, तिच्या मुळाशींहि हेच पाहुणे होते. म्हणजे ज्या वाऱ्याची गुलमर्गांत लोक हात जोडून वाट पाहतात, तोच आमच्या शिवारांत आला तर आम्ही हात जोडून त्यास जा म्हणतों!

असो. आम्ही परतल्यावर जानेवारीच्या अगदीं अखेरीस गुलमर्गांत बर्फ पडला, आणि २१ ते २५ फेब्रुवारी २०२४ या दिवसांत तेथें ‘खेलो इंडिया’च्या हिंवाळी स्पर्धा पारहि पडल्या. आमच्या तरुण मित्रानें गुडघाभर बर्फांत उभा असलेला आपला फोटो धाडला. नातीनें तो पाहिला आणि एक शब्द न बोलतां फोन परत दिला.

पुढील हिंवाळा आला. डिसेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यांत काश्मीरांत चांगला बर्फ झाला, आणि चिरंजीव लागलीच तिकिटें काढावयास निघाले. या खेपेस आम्ही त्यांस आवरलें. गुलमर्गाहून निरोप होता, ‘थांबा.’ तो निरोप योग्य ठरला. जानेवारी कोरडा गेला. २२ फेब्रुवारीपासून भरावयाच्या स्पर्धासुद्धां बर्फ पुरेसा नाहीं म्हणून पुढें ढकलाव्या लागल्या. आमच्या घरांत कोणी त्याविषयीं बोलेना. मग फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत जोराची हिमवृष्टि झाली आणि फोनवर दोनच शब्द आले, ‘आतां या.’ नातीची वार्षिक परीक्षा एप्रिलांत होती. शिक्षकाच्या घरांत हें पातक खरें. पण आम्हींच तिच्या शाळेंत आठ दिवसांच्या रजेचा अर्ज नेऊन दिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही पुन्हा त्याच वळणांवरून वर चढलों. तंगमर्गाच्या वरच झाडांच्या फांद्या बर्फाच्या ओझ्यानें वांकल्या होत्या. वर पोहोंचलों तों गेल्या वर्षींची ती पिंगट वाटी काठोकाठ भरलेली! आम्हीं खालीं उतरून पायापुढें पाहिलें, मग डोंगराकडे पाहिलें. कालिदासानें कुमारसंभवाचा आरंभ हिमालयाच्या वर्णनानें केला आहे. तें वर्णन आम्हीं शिकविलें आहे, त्यावर प्रश्न काढले आहेत, गुण कापले आहेत. ते कापलेले गुण विद्यार्थ्यांस परत द्यावेत असें त्या क्षणीं वाटलें. नातीनें आमच्या शालीचें टोंक ओढून विचारलें, “आबा, पाहिलीत ना?” आम्हीं मान हलविली. बोलवेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळा भरली. शिक्षक पंचवीस-तीस वर्षांचा आणि विद्यार्थ्यांत एक सेवानिवृत्त मास्तर. पहिला धडा पडण्याचा! पडावयाचें तर बाजूस, कुशीवर पडावें. हात मागें टेकूं नयेत. उठावयाचें तर स्की उताराला आडव्या करूनच उठावें, नाहींतर उठतां उठतां त्या आपल्यास घेऊन पळतात. दुसरा धडा थांबण्याचा. दोन्ही स्कींचीं पुढचीं टोंकें जवळ आणावयाचीं व मागचीं फांकवावयाचीं, म्हणजे वेग मंदावतो. इंग्रजींत या आकृतीस बर्फ सारणाऱ्या नांगराचें नांव आहे. मुलांस मात्र शिक्षक ‘पिझ्झाचा तुकडा करा’ असें सांगतात. तिसरा धडा वळण्याचा. ज्या बाजूस वळावयाचें तिच्या विरुद्ध पायावर भार द्यावयाचा, आणि नजर पायांकडे न ठेवतां जावयाचें तिकडे ठेवावयाची. हा शेवटचा नियम आम्हांस खेळापुरताच वाटला नाहीं.

आमच्या स्वतःच्या प्रगतीविषयीं थोडक्यांत सांगतों. ‘पत्’ धातूचीं सर्व काळांतलीं व सर्व वचनांतलीं रूपें आम्हीं एका सकाळींत चालविलीं. द्विवचनसुद्धां सुटलें नाहीं, कारण एकदां शिक्षकासहि आम्हीं बरोबर नेलें. दुपारीं आम्हीं सन्मानपूर्वक काठ्या खालीं ठेविल्या व कहव्याचा पेला उचलला. चिरंजीवांनीं पुण्यास असतांनाच या खेळाचीं चलच्चित्रें पाहून ठेविलीं होतीं. त्या विद्येच्या जोरावर ते पहिल्याच दिवशीं सरळ रेषेंत निघाले आणि समोरच्या बर्फाच्या ढिगांत कंबरेपर्यंत गेले. सौभाग्यवती घसरगाडींत बसावयास तयार नव्हत्या. माणसानें माणसास ओढावें हें त्यांस रुचेना. पण आमचा मित्र म्हणाला, कीं ती गाडी ओढणारा त्याचा शेजारी आहे आणि चूल त्याचीहि पेटावयाची आहे. तेव्हां त्या बसल्या, आणि उतारावर गाडी सुटतांच ‘अगं बाई!’ म्हणून अशा हंसल्या, कीं तसें हंसणें आम्हीं पुष्कळ वर्षांत ऐकिलें नव्हतें.

नात मात्र तीन दिवस हट्टानें शिकत राहिली. ती पडे, उठे, पुन्हा ओढयंत्राच्या दोरीस धरून वर जाई. तिसऱ्या दिवशीं सकाळीं बर्फ रात्रींच्या थंडीनें कडक झाला होता. शिक्षकानें तिला ऊन चढेपर्यंत थांबविलें. एकाच दिवसांत बर्फाच्या तऱ्हा किती! पहाटे कांचेसारखा, दहा-अकराच्या सुमारास लोण्यासारखा, आणि दुपार कलली कीं ओल्या मिठासारखा जड. कोरड्या थंडींत नुकताच पडलेला बर्फ तर पिठासारखा भुसभुशीत असतो, आणि त्याच्यासाठींच देशोदेशींचे पटाईत खेळाडू गुलमर्गास येतात. अकराच्या सुमारास नात उताराच्या माथ्यावर उभी राहिली. डावीकडे एक वळण, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे. आणि एकदांहि न पडतां ती खालीं येऊन आमच्यासमोर थांबली. शिक्षकानें टाळ्या वाजविल्या. गेल्या वर्षींचें बियाणें उगवलें होतें.

त्या संध्याकाळीं त्यानें आम्हांस गुलमर्गाची हकीकत सांगितली. इंग्रजी अमदानींत १९२७ सालीं येथें स्की क्लबाची स्थापना झाली. १९६८ सालीं सरकारनें स्कीइंग व गिर्यारोहण शिकविणारी संस्था काढली. १९९८ सालीं रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला व २००५ सालीं दुसरा टप्पा अफर्वटावर, सुमारें ३,९५० मीटर उंचीपर्यंत पोहोंचला. याच तंगमर्ग-गुलमर्गाच्या परिसरांतला आरिफ खान हा २०२२ सालच्या बीजिंगच्या हिंवाळी ऑलिंपिकांत भारताचा एकुलता एक खेळाडू होता. जायंट स्लालम या शर्यतींत तो ४५वा आला. त्याआधीं २०१८ सालीं मनालीजवळच्या बुरुआ गांवच्या आंचल ठाकूर हिनें तुर्कस्तानांत कांस्यपदक मिळविलें. स्कीइंगांतील भारताचें तें पहिलें आंतरराष्ट्रीय पदक. हीं नांवें सांगतांना आमच्या मित्राचा आवाज चढला होता. बीजिंगच्या त्या स्पर्धा जवळजवळ सर्वस्वी यंत्रांनीं पाडलेल्या बर्फावर झाल्या, हेंहि त्यानें सांगितलें. मग असें यंत्र येथें कां नसावें, असें चिरंजीवांनीं विचारलें. यंत्रास पुष्कळ पाणी व वीज तर लागतेच, पण हवा शून्याखालीं असावी लागते. थंडीच पडली नाहीं तर यंत्र तरी काय करील? उत्तराखंडांत औली येथें अशीं यंत्रें बसविलीं होतीं. तरीहि २०२३ सालीं तेथील स्पर्धा बर्फाअभावीं रद्द झाल्या. त्याच वर्षाच्या आरंभीं जोशीमठाची जमीन खचल्यामुळें औलीचा रज्जुमार्गहि बंद करावा लागला होता.

एक गोष्ट गंभीरपणें सांगितली पाहिजे. बर्फ जसा दगा देऊन येत नाहीं, तसा कधीं दगा देऊन येतोहि. जुन्या थरावर नव्या बर्फाचा जाड थर पडला, कीं तीव्र उतारावर तो सबंध सुटून खालीं कोसळतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफर्वटाच्या उतारावर अशा हिमस्खलनांत पोलंडचे दोन स्कीपटु मृत्यु पावले. फेब्रुवारी २०२४ मध्यें, स्पर्धा चालू असतांनाच, एका रशियन स्कीपटूचा असाच अंत झाला. ज्या हिमवृष्टीनें आमची दुसरी सफर साधून दिली, तिच्यांतच २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं बद्रीनाथजवळ माणा येथें रस्त्यावरील मजूर बर्फाखालीं गाडले गेले व त्यांतील आठ जण दगावले. आम्हीं नातीस हें सांगितलें. आनंदाच्या दिवशीं सांगावयाची ही गोष्ट नव्हे. परंतु ज्या वस्तूवर आपण खेळतों तिचें सामर्थ्य मुलांस ठाऊक असावें.

ज्या कुटुंबांस अशा सहलीस जावेंसें वाटत असेल त्यांच्यासाठीं आमच्या दोन वर्षांच्या शिकवणुकीचें सार असें. ‘खात्रीचा बर्फ’ विकत मिळत नाहीं. तो सांगणाऱ्यापासून दूर राहावें. पुष्कळ आधीं दिवस पक्के करूं नयेत. करावेच लागले तर फेब्रुवारीचा पूर्वार्ध त्यांतल्या त्यांत बरा, आणि हातीं दोनतीन दिवस जादा असावेत, कारण बर्फ फार पडला तरी रस्ते व विमानें अडतात. नवशिक्यांनीं पायथ्याच्या सौम्य उतारावरच शिकावें. अफर्वटाच्या माथ्यावर जावें तें डोंगर पाहून त्याच पाळण्यानें परत येण्यासाठीं, आणि आंखलेल्या वाटेबाहेर तर पाऊल टाकूं नये. स्की व बूट तेथें भाड्यानें मिळतात. बूट पायास चपखल व स्कीचा खटका आपल्या वजनास जुळवून घेतलेला असावा, म्हणजे पडतांना स्की सुटते व पाय मुरगळत नाहीं. काळा चष्मा, पाण्यानें न भिजणारे हातमोजे आणि सुती बनियनाऐवजीं लोकर घालावी. सूत घामानें ओलें झालें कीं गारठतें. साठीच्या पुढच्यांनीं उंचीवर पहिला दिवस स्वस्थ बसावें. शाकाहारी मंडळींची राजमा-भातावर उत्तम सोय होते. भाजणी जवळ असली तर अधिक उत्तम.

आणि शेवटचें म्हणजे, बर्फ न मिळाला तरी शिक्षकाशीं ठरलेला व्यवहार मोडूं नये. आपली गेली ती सुटी. त्याचा गेला तो हंगाम.

हें आम्हांस पुढें अधिकच पटलें. आम्ही परतल्यावर दीड महिन्यानें, २२ एप्रिल २०२५ रोजीं, पहलगामजवळ बैसरन येथें २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रांतील सहा जण होते. त्या दिवशीं आमच्या घरीं चूल पेटली ती नांवापुरती. रात्रीं गुलमर्गाहून फोन आला. मित्राला बोलतां येत नव्हतें. “मास्टरजी, आम्हांला लाज वाटते,” एवढेंच तो दोनदां म्हणाला. ज्याचा कांहीं दोष नाहीं त्यानें लाज बाळगूं नये, असें आम्हीं त्यास सांगितलें. उन्हाळ्याचीं सारीं गिऱ्हाइकें गेलीं होतीं, हें त्यानें आपण होऊन सांगितलें नाहीं. आम्हींच विचारून काढलें. सौभाग्यवतींनीं पुढच्या पेरणीचें बियाणें त्याच आठवड्यांत पाठविलें. या खेपेस त्यानें तें परत केलें नाहीं.

जूनच्या मध्यावर पुन्हा फोन वाजला. आम्हांस वाटलें, कांहीं अडचण असेल. पण त्यास एकच विचारावयाचें होतें. “मास्टरजी, भाईसाहेबांच्या शेतावर पाऊस आला का?” दारव्ह्याच्या ज्या शेतकऱ्यास त्यानें कधीं पाहिलें नाहीं, त्याच्या पेरणीची चौकशी तो करीत होता. आम्ही सांगितलें, अजून नाहीं, पण आभाळ भरून आलें आहे. “येईल,” तो म्हणाला.

तेव्हांपासून आमच्या घरीं दोन ऋतूंची वाट पाहिली जाते. मृग लागला कीं तिकडून फोन येतो, आणि २१ डिसेंबर उजाडला कीं नात इकडून लावते.